पहिलं दूध

राजाजीनगरातल्या त्या बैठ्या घराच्या मागच्या भिंतीतून दर पावसाळ्यात पिंपळाचं एक रोप डोकं वर काढी, आणि दर पावसाळ्यात हेमलताबाई ते उपटून टाकत. हे काम पूर्वी त्यांच्या यजमानांचं. रत्नाकरराव सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. कुठलीही गोष्ट वाढायच्या आत हातावेगळी करायची, ही त्यांची शिस्त. "पिंपळाचं मूळ दिसायला दोऱ्याएवढं," ते म्हणत, "पण भिंत फोडतं. दोन पानं असतात तेव्हाच काढायचं. वाढला की हात लावायला माणूस मिळत नाही."

येलहंक्याच्या साइटवरही ते हेच करत. मोकळ्या प्लॉटला बेंगळुरूत साइट म्हणतात, आणि चाळीस वर्षं इथं काढल्यावर हेमलताबाईही तेच म्हणत. विमानतळाची नुसती बोलणी चालली होती तेव्हा रत्नाकररावांनी देवनहळ्ळीच्या रस्त्याजवळ ती साइट घेतली आणि बायकोच्या नावावर केली. कारखान्याची पेन्शन चहापाण्यापुरती. एकुलती एक मुलगी केतकी. ती उद्या लग्न होऊन आपल्या घरी जाणार. "मी नसलो तर तुला कुणापुढे हात पसरायला नको," एवढंच ते म्हणाले होते. मग महिन्यातला एखादा रविवार दोघं बसने तिकडे जात. ते कोपऱ्यांचे दगड जागेवर आहेत का बघत, गवत काढत, पिंपळाचं रोप दिसलं की उपटत. हेमलताबाई छत्री उघडून बसत आणि डब्यातल्या दशम्या काढत. लोक सहलीला म्हैसूरला जातात. हेमलताबाईंची सहल ही.

रत्नाकरराव आजारी पडले आणि गेले. त्या गडबडीत काही वर्षं साइटवर कुणी फिरकलं नाही. पुढे केतकीबरोबर त्या गेल्या तेव्हा गवत कमरेएवढं झालं होतं आणि कोपऱ्यातला पिंपळ त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता. मजूर लावून साइट साफ करून घेतली. मजुरांनी सगळं काढलं, झाड तेवढं ठेवलं. "अरळी मर, अम्मा," मुकादम म्हणाला. पिंपळ आहे, एवढंच. त्यापुढे काही बोलायची त्याला गरज वाटली नाही.

आता ह्या साइटचं करायचं काय, यावर घरात बोलणं सुरू झालं. रत्नाकररावांचा पुतण्या सुहास अशा गोष्टीत हुशार.

"काकू, साइट म्हणजे झोपलेला पैसा. उठवा त्याला. चार मजले चढवा, मुलींचं पीजी काढा."

"आणि कर्ज कोण फेडणार रे? तू?"

"बरं, मग विमानतळाच्या टॅक्सींना पार्किंगला द्या. नाहीतर पत्र्याची शेड मारून गोदाम. नाहीतर जाहिरातीचा मोठा बोर्ड. काही न करता घरबसल्या भाडं."

"बोर्डावर कुणाचे तरी बनियन बघायला तुझ्या काकांनी जमीन घेतली नव्हती," हेमलताबाई म्हणाल्या. केतकी मोठ्याने हसली.

अशात नरसिंह आला. साइटच्या फाटकावर बांधलेल्या पाटीवरचा फोन नंबर वाचून तो थेट राजाजीनगरला घरी आला, पायरीखाली चपला काढल्या आणि अस्सल घरगुती मराठीत म्हणाला, "अक्का, जरा पाणी मिळंल काय? उन्हातनं आलोय." खानापूरकडचा माणूस. घरात मराठी, बाहेर कन्नड. रोपवाटिका काढायची होती त्याला. "तुमच्या जागेत झाडं लावीन की वो. विटा नाहीत, सिमेंट नाही. सोडा म्हणाल त्या दिवशी कुंड्या उचलीन आणि चालू लागीन." हेमलताबाईंना हे पटलं. कुंड्या उचलता येतात. आणि आपल्या भाषेचा माणूस म्हटल्यावर त्या जरा सैलावल्याच.

पहिली दोन वर्षं फार सुखाची गेली. महिन्याच्या सुरुवातीला नरसिंह स्वतः भाडं घेऊन येई, आणि बरोबर एखादी कुंडी. कधी अबोली, कधी कढीपत्ता, एकदा तर चाफा. घराचा पुढचा कट्टा हिरवा झाला. त्या भाड्यातून हेमलताबाईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं आणि केतकीला नंतर कळवलं. "आई, मला सांगायचं तरी!" केतकी रागावली. हेमलताबाईंना तो राग गोड वाटला. मुलीला न विचारता, मुलीकडून न घेता आपण काही केलं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचताना त्या मनात रत्नाकररावांना सांगत, बघा, चाललंय बरं का माझं.

नरसिंहाची बायको भाग्यलक्ष्मी. सावळी, बारीक, साडीचा काठ सदा ओला, कारण दिवसभर झारी हातात. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एका ज्योतिषानं सर्पदोष सांगितला. पिंपळाखाली नागाचा दगड बसवा, रोज दूध घाला. ती दोघं मिळून हेमलताबाईंकडे आली.

"आमच्या गावात नागाचा कट्टा हाय," नरसिंह म्हणाला, "पण रोज कोण जाणार वो तिकडं? तुमच्या साइटवर अरळी आपोआप उगवलीय. एवढासा दगड, अक्का." त्याने हात कोपरापर्यंत दाखवला.

भाग्यलक्ष्मी मागे उभी होती. तिने नुसतं बघितलं. हेमलताबाईंना केतकी उशिरा झालेली. सासरी प्रत्येक मंगळागौरीला बायकांच्या नजरा कशा पोटाकडे जातात, ते त्यांना अजून आठवत होतं. त्या म्हणाल्या, "बसवा की. त्यात काय एवढं." सुहासला विचारावं असं मनात आलं होतं, पण जागा आपली, होकारही आपलाच, असं वाटून त्यांनी विचारलं नाही.

दगड बसवायच्या दिवशी त्या मुद्दाम गेल्या. काळ्या पाषाणावर एकमेकांना वेटोळे घातलेले दोन नाग कोरले होते. भटजींचं आटोपलं, आणि भाग्यलक्ष्मी पितळी ताट घेऊन हेमलताबाईंपुढे येऊन उभी राहिली. ताटात हळद, कुंकू, दुधाची लोटी.

"पहिलं दूध तुमच्या हातचं, अक्का."

हेमलताबाई मागे सरल्या. त्यांचा हात नकळत आपल्या मोकळ्या कपाळाकडे गेला. रत्नाकरराव गेल्यापासून महाराष्ट्र मंडळातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं येई, पण बाहेरच्या खोलीत नाही. "हेमाताई, तुम्ही आत बसून तिळगुळाच्या पुड्या बांधता का?" असं कुणीतरी अगदी प्रेमानं म्हणे, आणि त्या आत बसून पुड्या बांधत. बाहेरून बांगड्यांचे आवाज येत. याबद्दल त्या कुणाजवळ कधी बोलल्या नव्हत्या, मुलीजवळही नाही.

"अगं, मी कशी... तुला चांगलं ठाऊक आहे..."

"जागेची मालकीण तुम्ही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "नागप्पाला कपाळ काय कळतंय वो? त्याला हात कळतोय."

हेमलताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नागाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि लोटी कलती केली. दूध दोन्ही फण्यांवरून ओघळलं आणि खालच्या मातीत शिरलं. इतकं भराभर शिरलं की ओल सुद्धा नीट दिसली नाही. त्यांना ते क्षणभर विचित्र वाटलं. नरसिंहाने मोबाइलवर फोटो काढला. "हसा की अक्का!" तो म्हणाला, आणि त्या हसल्या.

वर्ष सरायच्या आत भाग्यलक्ष्मीला मुलगी झाली.

हेमलताबाई साइटवर बारशाला गेल्या. बाळाचं नाव हेमा ठेवलं होतं. त्यांनी चांदीचे वाळे नेले होते. झाडाखाली दहाबारा अनोळखी बायका बसलेल्या होत्या. "ह्या कोण गं?" त्यांनी विचारलं. "अशाच," भाग्यलक्ष्मी म्हणाली, "ज्यांना नाही त्या."

मग त्या बायका वाढल्या. बुंध्याला पिवळे दोरे आले. फांद्यांना लाकडाचे चिमुकले पाळणे टांगले गेले. वारा आला की सगळे रिकामे पाळणे एकदम हलत. दगडाभोवती कट्टा झाला. ऊन लागतं म्हणून वर पत्रा आला. येलहंका गावातून एक पुजारी यायला लागला, कर्णा आला, दानपेटी आली. कुंड्या सरकत सरकत कुंपणाला लागल्या, आणि एकदा हेमलताबाई गेल्या तर कुंपणाच्याही बाहेर, रस्त्याच्या कडेला होत्या. आणि फाटकावर एक भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर हेमलताबाईच होत्या. पांढऱ्या साडीत, हातात लोटी, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. एक गरोदर बाई त्या फोटोला नमस्कार करत होती. खऱ्या हेमलताबाई शेजारी उभ्या आहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

त्या महिन्यात नरसिंह घरी आला तो नारळ आणि प्रसाद घेऊन. भाडं नव्हतं.

"धंदा बसला, अक्का. रोपं ठेवू कुठं? सगळी जागा देवानं घेतली."

"मग नर्सरी दुसरीकडे हलवायची का? तू म्हणाला होतास..."

"मी हलतो की वो. आज सांगा, आज हलतो." तो अगदी नम्रपणे बसला होता, पाय खाली, हात मांडीवर. "पण तो हलंल काय?"

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. हेमलताबाईंनी पुढे कितीतरी दिवस ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात कुठे धार सापडते का ते शोधलं. सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

केतकीला कळलं तेव्हा ती ऑफिसातून तशीच आली. "आई, ते टेम्पल आहे आता! तुझ्या साइटवर! आणि तू मला आत्ता सांगतेस?" तिने ताबडतोब विकायचं ठरवलं. एक गिऱ्हाईकही आणलं. गृहस्थ पांढऱ्या गाडीतून साइटवर आले, फाटकापाशी उतरले, चपला काढल्या, आत जाऊन डोळे मिटून नमस्कार केला, पेटीत नोट टाकली आणि परत गाडीत येऊन बसले. "बेडा, मॅडम," ते म्हणाले. नको. "नागप्पाला उठवून बांधलेल्या घरात माझी सून झोपेल काय?" दुसऱ्या गिऱ्हाइकाने फोनवरच विचारलं, ती अरळीवाली साइट का? आणि फोन ठेवला. वकिलाकडे गेल्या तर त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न केला, "पहिली पूजा कुणी केली?" केतकीने आईकडे बघितलं. हेमलताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

शेवटी वाट दाखवली आप्पाजींनी. राजाजीनगरातले हे म्हातारे पुरोहित; रत्नाकररावांचे दिवस त्यांनीच केले होते. ते म्हणाले, "नाग हलवता येतो. देवाची परवानगी मागायची, त्याचं तेज कलशातल्या पाण्यात घ्यायचं, आणि दगड वाजतगाजत दुसऱ्या कट्ट्यावर न्यायचा. तळ्याकाठच्या देवळात जागा आहे, मी बोलतो. पण हेमाताई, ज्यानं पहिलं दूध घातलं त्यानंच मागायला हवं. आणि भक्तांसमोर, उजेडात. चोरून उचलला तर तो अपराध, आणि तसला अपराध मी करणार नाही."

"म्हणजे आईच्या हातात आहे!" केतकी म्हणाली.

"त्यांच्याच हातात आहे," आप्पाजी म्हणाले. ते काही केतकीइतके खूश दिसले नाहीत.

नागपंचमीचा दिवस ठरला, कारण त्या दिवशी सगळे जमणार. त्याआधीचा आठवडा हेमलताबाई स्वयंपाक करताना कन्नडमधली चार वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाजारहाटाचं कन्नड त्यांना सरावाचं. पण देवाचं मागणं बाजारच्या भाषेत कसं करायचं? मागच्या भिंतीत पिंपळाने तोंड वर काढलेलं त्यांनी पाहिलं होतं. नंतर काढू, असं म्हणून त्या आत आल्या.

पंचमीला साइटच्या फाटकापाशी चपला ठेवायला रांग होती. ज्या जमिनीवर त्यांनी नवऱ्याबरोबर छत्रीखाली बसून दशम्या खाल्ल्या होत्या, तिथे त्या अनवाणी शिरल्या. केतकी पाठीशी होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. अगरबत्तीचा धूर पत्र्याखाली दाटला होता. "अम्मा बंद्रु, अम्मा बंद्रु," अम्मा आल्या, अशी कुजबुज झाली आणि गर्दी आपोआप दुभंगली. भाग्यलक्ष्मीने पुढे येऊन हेमाला त्यांच्या कडेवर दिलं. पोरीने त्यांच्या चष्म्याची दोरी धरली. ऑपरेशननंतर उन्हासाठी घेतलेला तो चष्मा.

"नरसिंह," हेमलताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी आज मागणं मागायला आले आहे. दगड तळ्याकाठी न्यायचाय. आप्पाजी सगळं करतील. शास्त्राप्रमाणे."

नरसिंहाने मान डोलावली. जणू त्याला ठाऊकच होतं. "सरी, अक्का, ठीक हाय. जागा तुमची, नागप्पा तुमचा, मी कोण अडवणारा? फक्त ह्यांना सांगा." आणि त्याने पुजाऱ्याच्या हातातला माइक घेऊन त्यांच्या हातात दिला.

हेमलताबाईंनी समोर पाहिलं. सगळ्या बायकाच होत्या. एक गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून आली होती, एक भाजीवाली असावी, एकीची सासू तिला दंडाला धरून उभी होती. काहींची पोटं दिसत होती, काहींची सपाट होती आणि त्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात दुधाची वाटी. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडाकडे.

"नानु..." त्या म्हणाल्या. मी. कर्ण्यातून तो शब्द सगळ्या वसाहतभर घुमला आणि परत आला. पुढची चारही वाक्यं पाठ होती.

अगदी पुढे बसलेल्या एका मुलीने, केतकीपेक्षाही लहान असेल ती, त्यांचा पाय धरला. तिचे हात थंडगार होते. वर पाळणे हलले.

माइक कुणी घेतला ते हेमलताबाईंना कळलं नाही. कडेवरची पोर कुणी उतरवून घेतली तेही नाही. लोटी हातात आली. भाग्यलक्ष्मी कानाशी म्हणाली, "पहिलं तुमचं." आणि त्यांनी ओतलं. दूध फण्यांवरून उतरलं आणि मातीत नाहीसं झालं.

परत येताना केतकीने गाडी हेब्बाळच्या उड्डाणपुलावर घातली. मग म्हणाली, "आई, तू बोलायला उभी राहिलीस ना?"

"राहिले."

"मग?"

"इतक्या बायका आहेत, केतू. त्यातल्या एखादीचं तरी बिनसणारच. बिनसतंच. मग ती म्हणेल, त्या अम्मानं नाग उठवला म्हणून माझं गेलं." हेमलताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "ती बाई आयुष्यभर माझ्या दारात उभी राहील. मला नाही जमायचं ते."

"आणि तुझं काय? तुझं म्हातारपण?"

"तू आहेस की," हेमलताबाई म्हणाल्या. रत्नाकररावांनी जे कधी म्हणावं लागू नये म्हणून जमीन घेतली होती, ते त्यांच्या तोंडून असं निघून गेलं. केतकीने गिअर बदलला.

चार दिवसांनी नरसिंह पंचमीचा प्रसाद घेऊन राजाजीनगरला आला. पाय धुवायला म्हणून मागच्या नळावर गेला आणि बराच वेळ परत आला नाही. हेमलताबाई बघायला गेल्या, तर तो भिंतीसमोर उकिडवा बसला होता. भिंतीतल्या फटीतून पिंपळाचं रोप चांगलं वीतभर वर आलं होतं. कोवळी, तांबूस पानं. वारा नव्हता, तरी हलत होती.

"हे कवा आलं, अक्का?"

"दर वर्षी येतं. काढायचं राहिलंय."

"काढू नका वो." त्याने रोपाला हात लावला नाही. भिंत वर खाली पाहिली, मग घर, मग पुढचं फाटक. "तुम्ही जाल तिथं येतंय बघा. तिकडं पण आपोआप, हितं पण आपोआप." त्याने रोपाला हात जोडले, मग वळून हेमलताबाईंना. त्याच्या डोळ्यांत खरोखरीची श्रद्धा होती. त्याचीच त्यांना भीती वाटली.

तो गेल्यावर त्या चहा न घेताच बसून राहिल्या. हे घर रत्नाकररावांचं. आता ह्यापलीकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या त्या मागे गेल्या. गुडघे दुखत होते, तरी भिंतीशी उकिडव्या बसल्या. रोपाचा कोंब बुडाशी चिमटीत धरला. रत्नाकरराव धरत तसाच, मुळाला लागून, म्हणजे तुटत नाही, सबंध येतो. थोडा हिसका दिला. भिंतीतली माती सुटून खाली पडली. मूळ दिसलं, दोऱ्याएवढं. आणखी एका हिसक्याचं काम होतं.

पुढच्या फाटकाची कडी वाजली.

घराच्या बाजूच्या बोळातून पुढचं सगळं दिसत असे. फाटकात दोन बायका उभ्या होत्या. पूर्वी कधी न पाहिलेल्या. एकीच्या हातात केळीच्या पानाने झाकलेली वाटी होती. दुसरीने चपला काढून फाटकाबाहेर नीट ओळीने ठेवल्या होत्या आणि ती वाकून बोळातून आत बघत होती.

"अम्मा," तिने हळूच विचारलं, "इल्लेना?"

इथंच का?

हेमलताबाईंच्या चिमटीत कोंब होता. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. तिचा दुसरा हात पोटावर होता. हेमलताबाईंची बोटं एकेक करून सैल झाली.